कानाने शिकायची स्पॅनिश : बडोदेकरांसाठी ऐकण्यापासून प्रवासापर्यंतची वाट

दांडिया बाजारात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, गुजराती कधी शिकलात? त्याला सांगता येणार नाही. आईचं बोट धरून खंडेराव मार्केटात उभं असताना भाजीवालीचं 'शुं आपुं, बेन?' कानावर पडत राहिलं. शेजारणी दुपारी ओट्यावर बसून जे बोलायच्या तेही पडत राहिलं. मग एके दिवशी सेव-उसळच्या गाडीवर 'तीखुं ओछुं नाखजो' असं आपल्याच तोंडून निघालं. शाळेत गुजरातीचं व्याकरण आलं तोवर भाषा घरात येऊन बसलेली होती.

स्पॅनिश बोलायची असेल तर हीच वाट धरावी असं माझं ठाम मत आहे. ती बडोद्यात राहून कशी चालायची, हे इथे सविस्तर सांगते.

मी घरी स्पॅनिश शिकवते. 28 ऑक्टोबर 2024 ला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेस बडोद्यात आले आणि पंतप्रधान मोदींबरोबर त्यांनी टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं उद्घाटन केलं. सी-295 जातीची 56 विमानं भारत घेतो आहे; त्यातली 16 स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन यायची आणि 40 इथे बांधायची असा करार आहे. त्यानंतर माझ्याकडे चौकशीचे फोन वाढले. विचारणाऱ्यांत बरेच जण एखादा प्राथमिक अभ्यासक्रम करून आलेले असतात. गाळलेल्या जागा भरता येतात, क्रियापदांचे तक्ते पाठ असतात, पण फोनवर समोरच्याने एक सरळ वाक्य टाकलं की घशाला कोरड पडते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझंही तेच झालं होतं. एका वर्गात दोन वर्षं तक्ते घोकले, एकदाही कुणी ध्वनिमुद्रण ऐकवलं नाही. मग पहिल्यांदा स्पेनमधल्या एका बाईंशी बोलायची वेळ आली. त्यांनी विचारलं, 'के आस एचो ओय?' म्हणजे 'आज काय केलंस?' चारही शब्द मला येत होते. कानावर मात्र 'केआसेचोय' असा एकच घरंगळता आवाज आला आणि मी गप्प झाले. त्या बाई समंजस होत्या, तीनदा बोलल्या. तिसऱ्यांदा एकेक शब्द सुटा केला तेव्हा कुठे कळलं. त्या दिवशी तक्त्यांची वही मिटली.

आता हे बघा. आपण मराठीत 'काय करतो आहेस' म्हणतो का? आपण 'काय करतोयस' म्हणतो. 'येणार आहेस ना'चं 'येणारेस ना' होतं. पुस्तकातून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला 'करतोयस' हा शब्द कुठल्याच कोशात सापडणार नाही. स्पॅनिशमध्येही एक शब्द स्वरावर संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की दोन्ही एकमेकांत वितळतात. लिहिलेला शब्द ओळखणं आणि बोललेला शब्द ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम फक्त कानाला येतं.

आधी जमेची बाजू मोजून घ्या

मराठी माणसाकडे स्पॅनिशसाठी जे आयतं भांडवल आहे ते इंग्रजी माणसाकडे नाही. पण आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि ते भांडवल वापरायचं राहून जातं.

उच्चारांपासून सुरुवात करू. स्पॅनिशमधला त हा आपला दंत्य त आहे, इंग्रजी ट नव्हे. द तसाच. प आणि क यांच्यात हवा मिसळत नाही, त्यामुळे 'पान'चं 'फान' होत नाही. स्वर पाच, आणि ते स्वच्छ. ञ आपल्या वर्णमालेत आहेच, 'एस्पान्या' म्हणायला वेगळा सराव लागत नाही. च मात्र 'चिमणी'तला घ्यायचा, 'चमचा'तला नाही. ताणलेल्या र ची सगळ्यांना धास्ती असते. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी 'चिमणी भुर्रकन उडाली' हे दहा वेळा म्हणायला लावते. 'भुर्र' म्हणताना जीभ जिथे थरथरते, तीच 'पेर्रो'ची जागा. नवी सवय करायची ती तीन गोष्टींची. ब आणि व यांचा उच्चार एकच, आणि तो ब च्या जवळचा. म्हणून 'बाले', 'बीनो'. लिहिलेला ह बोलायचा नाही. आणि दोन स्वरांमध्ये आलेला द पाण्यात भिजल्यासारखा मऊ करायचा.

वाक्यरचनेत तर हे भांडवल आणखी मोठं आहे. 'मला कॉफी आवडते' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात. 'मे' म्हणजे 'मला', आणि क्रियापद कॉफीच्या मागे जातं. आंबे अनेक झाले की 'मला आंबे आवडतात', तसं 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजी माणसाला हे उलटं वाटतं आणि इंग्रजी पुस्तकं त्यावर धडेच्या धडे खर्च करतात. आपल्याला धड्याची गरज काय? 'डोकं दुखतंय' तेही असंच, 'मे दुएले ला काबेसा', दुखतं ते डोकं.

पुढे चला. 'मी घर बघते', पण 'मी मारियाला बघते'. माणूस आला की आपण 'ला' लावतो, वस्तूला लावत नाही. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारीया'. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला'. क्रियापदाच्या टोकावरून कर्ता कळतो म्हणून 'मी', 'तू' गाळायची मुभा दोन्हीकडे. तू आणि तुम्ही यांतला फरक दोन्हीकडे. आणि ज्या विध्यर्थाला सगळे घाबरतात, त्यातलं 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. 'बेंगास' म्हणजे 'यावंस'. मराठीतून विचार केला तर 'येतोस' आणि 'यावंस' यांतला फरक आपल्याला आजीपासून ठाऊक आहे.

खरी अडचण 'आहे' या शब्दाची. आपल्याकडे एक 'आहे', त्यांच्याकडे दोन. 'एस आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. नियम वाचा, पण नियमावर विसंबू नका. अशी जोडवाक्यं शंभरदा ऐकली की कान आपोआप सांगायला लागतो.

शब्दांतही जुनी सोयरीक निघते. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊ आहेत. साबण म्हणजे 'हाबोन', चावी म्हणजे 'याबे', पाव म्हणजे 'पान', बटाटा म्हणजे 'पाताता', आणि दाराची बिजागरी थेट 'बिसाग्रा'. 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपला पगार त्याच घराण्यातला. काही शब्द आपल्याकडून निघून फारसी-अरबीच्या वाटेने स्पेनला पोचले. शर्करेचं 'आसूकार' झालं, नारंगाचं 'नारान्हा', चतुरंगाचं 'आहेद्रेस', म्हणजे बुद्धिबळ. शब्द असा ओळखीचा निघाला की तो विसरायला होत नाही.

तेव्हा पहिला नियम असा, की मनातल्या मनात भाषांतर करावंच लागलं तर मराठीतून करा, इंग्रजीतून नको. इंग्रजीतून गेलात तर 'यो गुस्तो काफे' असं काहीतरी तोंडातून निघेल. शिवाय फसवे शब्दही येतील. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. 'कोन्स्तिपादो' असं स्पेनमध्ये सर्दी झालेल्या माणसाला म्हणतात, पोट साफ नसलेल्याला नाही.

ऐकायचं काय आणि कसं

स्पॅनिश 20 देशांत चालते आणि प्रत्येक देशाचा हेल वेगळा. सुरुवातीला एकच हेल निवडा. तीन-चार महिने दुसरीकडे वळू नका. कामाचं कारण नसेल तर कोलंबियाची राजधानी बोगोता इथली किंवा मेक्सिको सिटीची बोली घ्या. व्यंजनं नीट ऐकू येतात, शब्दांची शेवटची अक्षरं शाबूत असतात. स्पेनचीच हवी असेल तर माद्रिदच्या बाजूची घ्या, तिथे 'ग्रास्यास'चं 'ग्राथ्यास' होतं एवढा फरक लक्षात ठेवा. या लेखात मी लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशप्रमाणे स लिहिते आहे.

सेव्हिलच्या लोकांशी काम पडणार असेल त्यांनी इथे जरा थांबावं. सेव्हिल आंदालुसियात येतं, आणि तिथले लोक शब्दाच्या शेवटचा स गिळतात. 'मास ओ मेनोस', म्हणजे 'साधारण, जेमतेम', याचं 'मा ओ मेनो' होतं. 'कान्सादो'चं, म्हणजे दमलेल्याचं, 'कान्साओ' होतं. माद्रिदच्या वळणाची स्पष्ट ध्वनिमुद्रणं ऐकून तयार झालेला माणूस पहिल्याच फोनवर गांगरतो. म्हणून पहिले चार महिने माद्रिदचं वळण आणि नंतरचे दोन महिने मुद्दाम आंदालुसियाची माणसं ऐकायची, मुलाखती, स्थानिक रेडिओ, बाजारातलं बोलणं. त्या गिळलेल्या स ची जागा कानाला कळायला लागली की मग सगळं सोपं आहे.

साहित्य भरपूर आहे, आणि त्यातलं पुष्कळ फुकट. अगदी सुरुवातीला 'ड्रीमिंग स्पॅनिश' ही यूट्यूब वाहिनी. तिथे शिक्षक चित्रं काढत, हातवारे करत सावकाश बोलतात, आणि पातळ्या लावलेल्या आहेत. त्यानंतर 'ईझी स्पॅनिश', तीही यूट्यूबवरच. रस्त्यावरच्या माणसांना गाठून प्रश्न विचारतात आणि खाली अक्षरं येतात, त्यामुळे शुद्ध नव्हे तर खरी भाषा ऐकू येते. बातम्यांची आवड असेल तर 'न्यूज इन स्लो स्पॅनिश', त्यात स्पेन आणि लॅटिन अमेरिका अशा दोन आवृत्त्या आहेत. कान बराच तयार झाला की 'रादिओ आंबुलांते' हा पॉडकास्ट. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी, प्रत्येक देशाच्या हेलात, आणि सोबत लिखित संहिता. स्पेनच्या राष्ट्रीय रेडिओचं प्रक्षेपण संगणकावर ऐकता येतंच.

निवडताना एक कसोटी लावा. दहा वाक्यांतली सात-आठ अर्थासकट कळायला हवीत. चारच कळत असतील तर ते साहित्य तुमच्यासाठी अजून जड आहे, मागे या. पोळ्या लाटताना मागे रेडिओ लावून ठेवला म्हणजे ऐकणं झालं असं मला वाटत नाही. त्याने लय अंगात मुरते हे खरं, पण समज वाढते ती लक्ष देऊन ऐकलेल्या तुकड्यांनी.

आणि आता मुख्य पद्धत. मी स्वतः हीच वापरली आणि हीच शिकवते.

एक मिनिटाचा तुकडा घ्या. एकच मिनिट. पहिल्या दिवशी डोळे मिटून तीनदा ऐका, कागद नको, अक्षरं नकोत. कोण बोलतंय, कुणाशी, कशाबद्दल, चिडून की हसून, एवढंच पकडा. दुसऱ्या दिवशी वही घ्या आणि श्रुतलेखन करा. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, कानावर पडलं तसं लिहायचं. स्पॅनिशचं लेखन उच्चारानुसार चालतं, त्यामुळे हे जमतं. ज्यांना अडखळायला होतं त्यांनी पहिले काही दिवस देवनागरीत लिहिलं तरी चालेल. जिथे नाही कळलं तिथे रेघ मारून पुढे जा. एका मिनिटाला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील, लागू द्या. मग संहिता उघडा आणि लाल पेनने दुरुस्त्या करा.

त्या लाल खुणांकडे नीट बघा, कारण तुमचा कान चुकतो त्या जागा त्याच आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत सलग आठ दिवस एकच चूक होती. 'लो एस्तोय' असं असेल तिथे ती 'लोस तोय' ऐकायची. म्हणजे तिला शब्द येत होते, पण शब्दाची हद्द कुठे आहे ते तिचा कान चुकीच्या जागी आखत होता. हे कुठल्याच परीक्षेत दिसलं नसतं. वहीत दिसलं, आणि दिसल्यावर दोन आठवड्यांत गेलं.

तिसऱ्या दिवशी तोच तुकडा मागोमाग बोला. बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून, थांबायचं नाही, सावलीसारखं. अर्थाकडे लक्ष देऊ नका, तो कळलेला आहे. चढउतार, कुठे श्वास घेतला, कुठे शब्द चिकटला, हे उचला. शेवटी स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐका. हे करायला लाज वाटते, मलाही वाटायची. तरी करा.

बडोद्याला ही रीत नवी नाही. 1886 मध्ये सयाजीरावांच्या काळात इथे गायनशाळा निघाली, पुढे उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारी गायक झाले. गाणं शिकणारा आधी तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसतो आणि ऐकतो. सूर लागण्याआधी सूर ओळखता यावा लागतो. 'कान तयार झाला' हा आपल्याकडचा शब्दच मला स्पॅनिश शिकवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

गाण्यांवर मात्र सुरुवातीला फार भिस्त ठेवू नका. गाण्यात अक्षरं ताणली जातात आणि आघात सरकतात. संथ बोलेरो, म्हणजे जुनी प्रेमगीतं, बरे, शब्द ठळक असतात. फ्लामेंको, आंदालुसियातलं गाणं-नाच, ऐका ते त्याच्या तालासाठी. सोलेआ आणि बुलेरिया हे प्रकार 12 मात्रांच्या आवर्तनात चालतात, आपल्या एकतालाएवढ्याच, पण जोर भलत्याच मात्रांवर पडतो. गरब्याच्या टाळीत वाढलेल्या हातांना ते ओळखीचंही वाटतं आणि चकवतंही.

बोलायला कोण मिळणार

ऐकण्याचे दोन महिने झाले की बोलणं सुरू करा, त्याआधी घाई नको. सुरुवात स्वतःशी. सकाळी कमाटीबागेत फेरी मारताना जे दिसतं ते मनात स्पॅनिशमध्ये सांगा. झाड, माकडाचा पिंजरा, छत्री विसरलेले आजोबा. शब्द अडला की मोबाइलवर टिपून ठेवा आणि घरी येऊन बघा. अडलेला शब्द बघितला की तो राहतो.

मग माणूस शोधा. 'टँडेम' आणि 'हेलोटॉक' या ॲपवर भाषेच्या देवाणघेवाणीसाठी लोक भेटतात. या देवाणघेवाणीला स्पॅनिशमध्ये 'इंतेरकांब्यो' म्हणतात. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास त्यांना हवी ती भाषा, बहुधा इंग्रजी. पैसे देऊन शिक्षक हवा असेल तर 'आयटॉकी'. वेळेचं गणित आधी करून ठेवा. आपले रात्रीचे 8 म्हणजे स्पेनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार. आपले सकाळचे 7 म्हणजे बोगोता आणि लिमामध्ये आदल्या रात्रीचे साडेआठ, मेक्सिको सिटीत साडेसात. नोकरी करणाऱ्याला सकाळी लॅटिन अमेरिका आणि रात्री स्पेन असं छान बसवता येतं.

पहिल्या संभाषणाला जाताना तीन-चार वाक्यं खिशात ठेवा, ती कधीही लागतात. 'मास देस्पास्यो, पोर फाबोर', जरा सावकाश. 'ओत्रा बेस', पुन्हा एकदा. 'कोमो से दीसे?', याला काय म्हणतात? ऐकू आलं नाही तर स्पेनमध्ये 'कोमो?' आणि मेक्सिकोत 'मांदे?'. समजल्याचं नाटक करू नका. एकदा केलं की पुढचं सगळं संभाषण त्या नाटकावर उभं राहतं.

यानंतर जी गोष्ट बोलणं खऱ्या अर्थाने जिवंत करते ती म्हणजे भरीचे शब्द. मराठीतून 'म्हणजे', 'बरं का', 'बघू', 'त्याचं काय आहे की' काढून टाका, काय उरेल? सरकारी परिपत्रक. स्पॅनिशमध्ये 'ओ सेआ' म्हणजे आपलं 'म्हणजे'. 'आ बेर' म्हणजे 'बघू हं'. 'एस के...' म्हणजे अगदी आपलं 'त्याचं काय आहे की', कारण सांगायच्या आधी येणारं. 'बाले' हे स्पेनमधलं 'बरं'. 'पुएस' हा विचार करायला वेळ मिळवून देणारा शब्द, आणि 'बुएनो' विषय बदलणारा. वाक्याच्या शेवटी 'बेर्दाद?' म्हणजे 'हो ना?'. हे सात शब्द योग्य जागी पडले की समोरचा माणूस तुमच्याशी हळू बोलायचं सोडून सरळ बोलायला लागतो. तेच तर हवं असतं.

रीतभात

भाषा आणि वागणं वेगळं करता येत नाही. 'आओरीता' म्हणजे 'आत्ताच', पण मेक्सिकोतल्या माणसाने 'आओरीता' म्हटलं तर तो दोन मिनिटांत येईल किंवा संध्याकाळीही येईल. आपलं 'निघालोच' तसंच नाही का? स्पेनमध्ये अनोळखी माणूसही लवकर 'तू'वर येतो. बोगोतात जवळची माणसंसुद्धा एकमेकांना 'उस्तेद', म्हणजे 'आपण', म्हणतात. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो आणि क्रियापदही बदलतं. 'कोहेर' म्हणजे स्पेनमध्ये बस पकडणे, घेणे. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो चारचौघांत उच्चारायचा शब्द नाही, तिथे 'तोमार' वापरा.

चहाच्या टपरीवर आपण 'कृपया मला चहा मिळू शकेल का' म्हणत नाही, 'एक कटिंग द्या' म्हणतो. स्पेनच्या बारमध्येही 'पोनमे उन काफे', कॉफी दे, हे उद्धट नाही, सहज आहे. इंग्रजी शिष्टाचार तिथे नेलात तर बोलणं उगाच अवघडतं.

एक शब्द मला फार आवडतो, 'सोब्रेमेसा'. जेवण झाल्यावर टेबलावरून न उठता चालणाऱ्या गप्पा. ताटं तशीच, हात वाळलेले, आणि कुणाला उठायचं नसतं, हे आपल्या पंक्तींत होतं ना, त्याला त्यांनी नाव दिलं आहे. स्पेनमध्ये दुपारचं जेवण 2 ते 3 ला आणि रात्रीचं 9 नंतर, हे प्रवासाला जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. संध्याकाळी 7 ला जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद असतं.

शाकाहारी वाचकांसाठी कळकळीने सांगते, 'सिन कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' एवढं पुरत नाही. पुष्कळांच्या लेखी हॅम आणि ट्यूना हे 'मांस' नव्हे. सबंध वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पोयो, नी पेस्कादो'. मांस नाही, हॅम नाही, कोंबडी नाही, मासा नाही. 'तोर्तीया' स्पेनमध्ये बटाटा-अंड्याची, मेक्सिकोत ती मक्याची भाकरी.

प्रत्यक्ष जाणं

सहा-आठ महिने कान आणि जीभ चालवल्यावरच प्रवासाचा पैसा वसूल होतो. जायचं ठरलं तर दोन आठवड्यांत सहा शहरं करू नका. एकाच गावी राहा. सालामांका हे भाषा शिकणाऱ्यांचं जुनं गाव आहे. तिथलं विद्यापीठ 1218 सालचं, आणि भाषावर्गांसोबत कुटुंबात राहायची सोय होते. बार्सिलोना सुंदर आहे, पण तिथे पाट्यांवर आणि घराघरांत कातालान भाषा आहे, त्यामुळे पहिल्या भाषाप्रवासाला मी ते सुचवत नाही. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. जून 2024 पासून प्रौढांचं व्हिसा शुल्क 90 युरो आहे.

रोज एकाच खानावळीत, एकाच वेळी जा. तिथे 'मेनू देल दीआ' असतो, ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय, गोड, म्हणजे थाळीच समजा. वाढपी आजचे पदार्थ एका दमात म्हणून दाखवतो. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. चौथ्या दिवशी कळेल, कारण निम्मे पदार्थ तेच असतील. आठव्या दिवशी तो विचारेल, तुम्ही कुठले, आणि तिथून खरं बोलणं सुरू होईल.

पाय चांगले असतील त्यांना मी 'कामिनो दे सांतियागो' सुचवते. सांतियागो दे कोम्पोस्तेलाला चालत जायची मध्ययुगापासूनची यात्रा. पंढरीची वारी ज्याने पाहिली आहे त्याला फार समजावून सांगायला नको. पाठीवर थोडकं सामान, दिवसाला 20-25 किलोमीटर, रात्री 'आल्बेर्गे'त, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत मुक्काम. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'बुएन कामिनो' म्हणतो, जसे वारकरी 'माउली' म्हणतात. पूर्ण फ्रेंच मार्ग पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे; प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी पुरतात, म्हणून पुष्कळ लोक सार्रिया गावापासून सुरुवात करतात. यात्रेच्या पुस्तिकेवर वाटेत शिक्के घ्यायचे असतात. प्रत्येक शिक्क्यासाठी कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि चालताना शेजारी जो येतो त्याच्याशी तास-दोन तास बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. त्यातही इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यापासून जरा लांब राहा आणि निवृत्त स्पॅनिश मंडळी गाठा.

त्याच वाटेवर लोग्रोन्यो शहर लागतं. आपल्या गुजरातला ते माहीत असायला हवं. फादर वालेस, कार्लोस गोन्सालेस वायेस, त्या गावचे, जन्म 1925. 1949 मध्ये भारतात आले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवलं, आणि गुजराती अशी आत्मसात केली की गुजराती वाचकांचे लाडके लेखक झाले. अहमदाबादच्या पोळांमध्ये घरोघरी पाहुणे म्हणून राहिले, त्याच घरांत जेवले, त्यांचं बोलणं कानात साठवलं. 2020 मध्ये माद्रिदला वारले, 2021 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. स्पॅनिश माणूस गुजरातीत असा शिरू शकतो, तर गुजराती येणाऱ्या मराठी माणसाला स्पॅनिशमध्ये शिरायला काय हरकत आहे?

जाणं शक्यच नसेल तर दिल्लीला इन्स्तितूतो सेर्वांतेस आहे, स्पेन सरकारची संस्था. तिथले वर्ग दूरस्थही होतात. डेले ही परीक्षा ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पातळ्यांची. तिच्यात ऐकणं आणि बोलणं वेगळं तपासतात, त्यामुळे कान कुठे उभा आहे ते कळतं.

परत आल्यावर बहुतेकांची स्पॅनिश दोन महिन्यांत गंजते. त्यावर मला सापडलेला एकच उपाय आहे. ज्यांच्या घरी राहिलात किंवा ज्यांच्याबरोबर चाललात त्यांच्यापैकी एकाशी लिहून नव्हे, आवाजाच्या निरोपांनी संबंध ठेवा. मी दर रविवारी रात्री 8 ला सालामांकातल्या माझ्या घरमालकीणबाईंना दोन मिनिटांचा निरोप पाठवते. आठवडाभरात काय शिजवलं, पाऊस किती झाला, सूरसागरच्या काठी गर्दी होती का. त्यांचं उत्तर लगेच येतं, कारण तिथे जेवण होऊन सगळे अजून टेबलाशीच बसलेले असतात. मागे चमचे वाजत असतात, नातू मधेच काहीतरी ओरडतो, आणि तो काय ओरडला ते हल्ली मला पहिल्या खेपेला कळतं.